घरचा मीडिया सर्व्हर बाहेरून वारंवार तुटतो? आधी तारखा मांडा

सर्व्हर इंदूरला, घरच्या टीव्हीखालच्या कपाटात. बघणारे पुण्याला, बंगळुरूला, एखादी भाची टोरांटोला. व्हीएचएसवरून उतरवलेल्या मुंजी आणि लग्नं, गणेशोत्सवातल्या एकांकिका, जुन्या डीव्हीडींच्या प्रती, असा सगळा ऐवज जेलीफिन किंवा प्लेक्स या घरचे व्हिडिओ दूरवर दाखवणाऱ्या प्रोग्रामवर मांडलेला. घरच्या वायफायवर काही अडचण नाही. बाहेरून मात्र अधूनमधून ‘सर्व्हर सापडला नाही’. राउटर बंद-चालू केला की कधी लागतं, कधी नाही, आणि लागलं तरी काही दिवसांनी पुन्हा तेच.

एकदा तरी बाहेरून चाललं असेल, तर पोर्ट (राउटरमधून आत यायचं क्रमांकाचं दार), पासवर्ड, ॲप हे सगळं त्या दिवशी बरोबर होतं. नंतर काहीतरी बदललं. काय बदललं ते दोन बिघाडांमधल्या अंतरावरून बऱ्याचदा कळतं, आणि घाईघाईने राउटर बंद-चालू केला की नेमका तोच पुरावा पुसला जातो. म्हणून आधी कागदावर तीन गोष्टी लिहा: तारीख, वेळ, आणि त्याआधी लाइट गेली होती का.

लाइट गेल्यावरच तुटत असेल, तर दोष बहुधा घराच्या आत आहे. रोज किंवा दोन-चार दिवसांनी तुटत असेल, तर बाहेरचा आयपी (घराचा इंटरनेटवरचा पत्ता) बदलतोय किंवा कॉम्प्युटर झोपतोय. महिन्याने तुटत असेल, तर विंडोजचं अपडेट किंवा फुकटच्या डीडीएनएसची (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणाऱ्या सेवेची) मुदत. ९० दिवस म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारं सुरक्षा प्रमाणपत्र, १८० दिवस म्हणजे टेलस्केल या खासगी जोडणीच्या ॲपची किल्ली. आणि चांगलं चालत असताना एका दिवशी कायमचंच बंद झालं, तर कंपनीने तुम्हाला सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे, टाकलेलं असण्याची शक्यता मोठी.

घरी फोन करून काय विचारायचं

बाहेरून काहीच लागत नसेल तर पहिला प्रश्न सर्व्हरबद्दल नको, फायबरच्या डब्याबद्दल. ‘आई, त्या पांढऱ्या डब्यावर पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा आहे का? लॉस लिहिलेला लाल दिवा लुकलुकतोय का?’ लॉसचा दिवा लाल असेल तर बाहेर तार तुटली आहे, सर्व्हरला हात लावायचं कारण नाही, केबलवाल्याला फोन करा. पॉन हिरवा असेल तर पुढे जायचं.

त्याच फोनवर एक सूचना आवर्जून द्या: मागच्या बारीक भोकात टाचणी घालायची नाही. ते रीसेटचं बटण आहे. ते दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की पोर्टचे नियम, वायफायचा पासवर्ड आणि पीपीपीओईचं (इंटरनेट कंपनीच्या लॉगइनचं) खातं, सगळं जातं. भल्या हेतूने घातलेल्या टाचणीने जेवढे सर्व्हर बंद पडतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने पडत असतील. एकदा सगळं जमलं की राउटरच्या पानावरून सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून ठेवा.

तपासणी नेहमी मोबाइल डेटावरून करायची. घरच्या वायफायवर बसून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर गेलात, तर राउटरला तो फेरा उलटा वळवावा लागतो. पुष्कळ स्वस्त राउटरना ते जमत नाही. मग बाहेरून व्यवस्थित चालणारा सर्व्हर घरातून बंद दिसतो आणि आपण नको तिथे खणत बसतो.

राउटरचं वॅन पान

राउटरमध्ये लॉगइन करून वॅन (राउटरची बाहेरची बाजू) किंवा इंटरनेट स्टेटसच्या पानावरचा आयपी बघा. मग त्याच वायफायवरून, व्हीपीएन बंद ठेवून, ‘माझा आयपी कोणता’ सांगणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे सारखे असतील तर बाहेरचा पत्ता खरा तुमचा आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग (त्या दाराने बाहेरून येणारं सर्व्हरकडे वळवणं) चालू शकतं.

ते वेगळे असतील तर वॅनचा आकडा नीट वाचा. १००.६४ ते १००.१२७ या टापूतला असेल तर ते सीजीनॅट. हा टापू २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. १०. ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१ मधला किंवा १९२.१६८ चा असेल तर दोन शक्यता: एक तर कंपनीच आतला पत्ता देतेय, किंवा तुमच्याच घरात एकापुढे एक असे दोन राउटर बसलेत.

दोन राउटरचा प्रकार फार घरांत असतो. फायबरचा डबा स्वतःच राउटर असतो, आणि वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही म्हणून पुढे आणखी एक राउटर विकत आणलेला असतो. सर्व्हर दुसऱ्याच्या पोटात, पोर्ट उघडलेलं पहिल्यावर, किंवा उलट. सरळ उपाय म्हणजे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकणे. मग तो फक्त वायफाय पसरवतो आणि पत्ते एकटा पहिला डबा वाटतो. डब्यालाच ब्रिज मोडमध्ये टाकणं, म्हणजे राउटरचं काम दुसऱ्यावर सोपवणं, जास्त स्वच्छ, पण त्यासाठी पीपीपीओईचं नाव-पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक लागतो, आणि तो कंपनीकडून काढून घेणं हे वेगळंच काम होऊन बसतं. दोन्ही नको असेल तर पोर्ट दोन्हीकडे फॉरवर्ड करा: पहिल्यावरून दुसऱ्याच्या वॅन पत्त्याकडे, दुसऱ्यावरून सर्व्हरकडे.

प्लेक्समध्ये सीजीनॅट आणि दोन राउटर या दोन्ही बिघाडांची खूण ठरलेली आहे. रिमोट ॲक्सेसच्या पानावर आधी हिरवं येतं, काही सेकंदांनी लाल होतं. राउटरने ‘पोर्ट उघडलं’ असं सांगितलेलं असतं, पण प्लेक्स बाहेरून परत येऊन दार वाजवून बघतं तेव्हा आत कुणी पोचत नाही.

लाइट गेल्यावर तुटतं तेव्हा

मृगाच्या वादळात दुपारी लाइट जाते, अर्ध्या तासाने येते, आणि संध्याकाळी पुण्याहून फोन येतो. यामागे निदान सहा कारणं आहेत आणि बऱ्याचदा दोन-तीन एकदम असतात.

सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे सर्व्हरचा घरातला पत्ता बदलणं. काल तो १९२.१६८.१.२० होता, पोर्टचा नियम त्याच पत्त्याकडे बोट दाखवतो. लाइट आल्यावर आधी घरातले फोन जोडले जातात, राउटर आपली जुनी यादी विसरलेला असतो, आणि .२० बाबांच्या फोनला मिळतो. आता बाहेरून येणारा प्रत्येक जण बाबांच्या फोनचं दार ठोठावतोय. उपाय: राउटरच्या डीएचसीपी (घरातले पत्ते वाटण्याच्या) पानावर ॲड्रेस रिझर्वेशन शोधा आणि सर्व्हरच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या ओळखक्रमांकाला) एक आकडा कायमचा बांधून टाका. लॅपटॉपला दोन मॅक पत्ते असतात, वायफायचा वेगळा आणि लॅनच्या तारेचा वेगळा. ज्याने जोडणार त्याचाच द्या. विंडोजमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ चालू असेल तर ते बंद करा, नाहीतर बांधलेली गाठ दुसऱ्याच दिवशी सुटेल.

दुसरं कारण यूपीएनपी, म्हणजे ॲपने राउटरकडून स्वतःच पोर्ट उघडून घेण्याची सोय. पोर्ट हाताने न उघडता ‘आपोआप’वर सोडलं असेल, तर राउटर बंद होताच तो नियम पुसला जातो आणि सर्व्हरने पुन्हा मागेपर्यंत येत नाही. यूपीएनपी बंद करा आणि नियम हाताने लिहा. प्लेक्ससाठी टीसीपी ३२४००, आणि प्लेक्सच्या पानावर ‘मॅन्युअली स्पेसिफाय पब्लिक पोर्ट’वर खूण. जेलीफिनचं नेहमीचं पोर्ट ८०९६, पण ते तसंच उघडं बाहेर काढू नका. कारण पुढे येईल.

तिसरं, मशीन चालूच झालेलं नसतं. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो ‘पॉवर ऑन’वर ठेवा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने हा प्रश्न येत नाही, पण बारा महिने चार्जरला लावलेला लॅपटॉप आणि इंदूरचा मे महिना यांचं जमत नाही. बॅटरी फुगते. चार्ज ६० ते ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती वापरा, आणि कपाटाचं दार उघडं ठेवा.

चौथं कारण फसवं असतं: सर्व्हर लागतो, पण आत काहीच नाही. बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क उशिरा जागी झाली आणि तोवर सर्व्हरने रिकामा फोल्डर वाचून घेतला. लिनक्सवर डिस्क एफएसटॅब या डिस्कांच्या यादीत यूयूआयडीने (डिस्कच्या कायमच्या ओळखक्रमांकाने) बांधा आणि सोबत ‘नोफेल’ लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन अर्ध्यात अडकणार नाही. मग मीडिया सर्व्हरची सर्व्हिस त्या माउंटनंतरच सुरू होईल असं अवलंबन द्या. प्लेक्समध्ये ‘प्रत्येक स्कॅननंतर ट्रॅश आपोआप रिकामा करा’ हा पर्याय बंदच ठेवा. तो चालू असेल तर डिस्क दिसत नसताना झालेला एक स्कॅन सगळी मांडणी पुसून टाकतो, हाताने लावलेली पोस्टरं आणि ‘कुठपर्यंत बघितलं’ची नोंद धरून. फायली शाबूत राहतात, मेहनत जाते.

पाचवं फक्त रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाइट आली, पाय जागा झाला, इंटरनेट अजून आलेलं नाही, आणि घड्याळ मागेच राहिलेलं. चुकीच्या वेळेमुळे प्रमाणपत्रं खोटी ठरतात आणि डीडीएनएस किंवा टेलस्केल जोडलंच जात नाही. वेळ जुळल्यावरच या सर्व्हिस सुरू होतील असा क्रम लावा. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी आणून लावावी लागते.

सहावं म्हणजे क्रम. आधी फायबरचा डबा, दोन-तीन मिनिटांनी राउटर, मग सर्व्हर. एकाच स्विचबोर्डवर तिन्ही असतील तर हा क्रम पाळला जात नाही. इंदूरच्या जेल रोडवर १२ व्होल्टचे मिनी यूपीएस मिळतात, ते डब्याला आणि राउटरला लावले की निम्मे बिघाड उगवतच नाहीत. घेताना जुन्या ॲडॉप्टरवरचा मजकूर वाचा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. पिनचं माप आणि धन-ऋणाची खूणही जुळवून घ्या.

इथे एक स्थानिक खोच आहे. डब्यापर्यंत थेट फायबर आलेलं असेल तर वाटेतले स्प्लिटर विजेशिवाय चालतात, त्यामुळे घरचा यूपीएस पुरतो. पण कितीतरी मल्टींमध्ये (बहुमजली इमारतींमध्ये) केबलवाल्याचं फायबर खालच्या जिन्यातल्या पेटीपर्यंतच येतं, तिथे एक स्विच असतो, आणि वर घरोघरी साधी लॅन केबल जाते. त्या पेटीची लाइट गेली की वर तुमचा यूपीएस कितीही चालो, इंटरनेट नाही. यूपीएसवर पैसे घालण्याआधी जिन्यात जाऊन ती पेटी बघून या.

ठरावीक मुदतीने तुटतं तेव्हा

दर दोन-चार दिवसांनी बाहेरचा आयपी बदलणं हे पीपीपीओईच्या जोडणीत नेहमीचंच आहे. डीडीएनएस लावा, डकडीएनएस पुरतं, आणि अपडेट दर पाच मिनिटांनी सर्व्हरवरून जाऊ द्या. राउटरमधली डीडीएनएसची सोय शक्यतो टाळा. पुष्कळ राउटर स्वतःचा वॅन पत्ता कळवतात, आणि पुढे दुसरा राउटर किंवा सीजीनॅट असेल तर कळवलेला पत्ता बाहेरच्या जगात निरुपयोगी असतो.

वायरगार्ड हे व्हीपीएन वापरत असाल तर आणखी एक अडचण. घराचं नाव तो जोडणी सुरू होताना एकदाच आयपीत बदलून घेतो. मधे घरचा आयपी बदलला तरी फोन जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतो. फोनवर टनल बंद करून चालू केला की लागतं. लिनक्सवर वायरगार्डच्या साधनांबरोबर नाव पुन्हा शोधणारी स्क्रिप्ट येते, ती टायमरवर लावा.

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टची अपडेट येतात, आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र झालेली असते. विंडोज रात्री रीस्टार्ट होतं आणि लॉगइनच्या पडद्यावर उभं राहतं. विंडोजवरचं प्लेक्स कुणीतरी लॉगइन केल्याशिवाय सुरू होत नाही, कारण ते सर्व्हिस म्हणून बसत नाही. आपोआप लॉगइन लावा. जेलीफिन बसवताना सर्व्हिसचा पर्याय निवडा. मग नेटवर्कचा प्रकार बघा: अपडेटनंतर तो ‘प्रायव्हेट’वरून ‘पब्लिक’वर गेला असेल तर फायरवॉल दार लावून घेते. झोपेची मुदत ‘कधीच नाही’ आहे ना, हेही तिथेच बघून घ्या.

नो-आयपी या डीडीएनएस सेवेचं फुकट नाव दर ३० दिवसांनी ईमेलमधून कबूल करावं लागतं. ईमेल जाहिरातींत बुडाली की नाव बंद. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवस टिकतं. कॅडी (मीडिया सर्व्हरपुढे ठेवायचा वेब सर्व्हर) किंवा सर्टबॉट हे प्रोग्राम ते मुदतीआधी आपोआप बदलतात, पण पहिल्या वेळी पोर्ट ८० उघडलं होतं आणि नंतर ‘सुरक्षेसाठी’ बंद केलं असेल, तर नूतनीकरण गुपचूप फसत राहतं आणि तीन महिन्यांनी ॲप एकदम रुसतं. डीएनएसच्या पद्धतीने प्रमाणपत्र घ्या, पोर्ट ८० लागतच नाही.

टेलस्केलमध्ये प्रत्येक मशीनची किल्ली मुळात १८० दिवसांनी संपते. दिवाळीत घरी येऊन बसवलेला सर्व्हर वैशाखात बंद पडतो आणि घरी कुणाला त्यात पुन्हा लॉगइन करता येत नाही. टेलस्केलच्या ॲडमिन पानावर सर्व्हरच्या नावापुढच्या मेनूत ‘डिसेबल की एक्स्पायरी’ आहे. ते बसवल्या दिवशीच करा, फक्त सर्व्हरसाठी. फोनची मुदत राहू द्या.

सीजीनॅटमागे असाल तर

पोर्ट फॉरवर्डिंगवर आणखी एक मिनिटही घालवू नका. कितीही नियम लिहिले तरी बाहेरचा पत्ता तुमच्या एकट्याचा नाही.

पैसे भरून स्टॅटिक आयपी मिळत असेल तर तो सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. घरगुती प्लॅनवर तो देतात का, एवढं आधी विचारा.

आयपीव्ही सिक्स मिळत असेल तर त्यात सीजीनॅटची भानगडच नाही. २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता हा खरा बाहेरचा. एफई८० ने सुरू होणारा फक्त घरातला. इथे पोर्ट फॉरवर्ड करायचं नसतं, राउटरच्या आयपीव्ही सिक्स फायरवॉलमध्ये सर्व्हरपुरती परवानगी द्यायची असते, आणि कंपनीच्या काही डब्यांत ते पानच नसतं. जेलीफिन आणि प्लेक्स दोन्हींच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपीव्ही सिक्सची खूण बघा. एक मर्यादा लक्षात ठेवा: भारतातल्या मोबाइल डेटावर हे बहुधा चालतं, पण ऑफिसच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर आयपीव्ही सिक्स नसेल तर नाही. ‘फोनवर लागतं, लॅपटॉपवर नाही’ ही तक्रार बऱ्याचदा इथली असते.

बहुतेक घरांना आमचा सल्ला टेलस्केलचा. पोर्ट उघडायचं नाही, डीडीएनएस नको, सीजीनॅटचा अडथळा नाही. सर्व्हरवर आणि बघणाऱ्याच्या यंत्रावर तेच ॲप, आणि जेलीफिनमध्ये सर्व्हरचा टेलस्केलने दिलेला पत्ता व पुढे ८०९६. हा पत्ताही सीजीनॅटच्याच टापूतून येतो, म्हणजे १००. ने सुरू होतो. त्याची वॅनच्या आकड्याशी गल्लत करू नका. जेलीफिनमध्ये ‘रिमोट कनेक्शनला परवानगी’ ही खूण सर्व्हरच्या सेटिंगमध्येही असते आणि प्रत्येक सदस्याच्या खात्यातही. दोन्ही चालू हव्यात, कारण हे पत्ते तो घरातले मानत नाही. अँड्रॉइड टीव्ही आणि ॲपल टीव्हीवर टेलस्केल बसतं. सॅमसंग आणि एलजीच्या स्वतःच्या प्रणालीवर बसत नाही, तिथे अँड्रॉइडची स्टिक लावा.

प्लेक्सवाल्यांनी आधी एक गोष्ट तपासावी. २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ बघायला प्लेक्स पास किंवा रिमोट वॉच पास लागतो. पोर्ट ठीक, आयपी ठीक, तरी नकार येत असेल तर दोष तारेत नाही.

लागतं, पण अडकतं

पोस्टरं दिसतात, व्हिडिओ सुरू होत नाही किंवा काही क्षणांत गोठतो, आणि तेही व्हीपीएनमधूनच: हे एमटीयूचं, म्हणजे डेटाच्या पाकिटाच्या कमाल मापाचं, लक्षण. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू १४२०, पीपीपीओई स्वतःसाठी ८ बाइट घेतं, मोबाइलच्या जाळ्यात आणखी काही जातात, आणि मोठी पाकिटं वाटेत गळतात. दोन्ही टोकांना १२८० करून बघा. टेलस्केल मुळातच १२८० वर चालतं.

प्लेक्समध्ये चित्र एकदम धूसर झालं आणि जोडणीपुढे ‘इनडायरेक्ट’ दिसलं, तर तुम्ही त्यांच्या रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) बघताय. तिथे फार तर २ मेगाबिट मिळतात. टेलस्केलमध्येही थेट वाट न मिळाल्यास रिलेवर जातं. स्टेटसच्या कमांडमध्ये ‘डायरेक्ट’ आहे की ‘रिले’ ते दिसतं. घरच्या राउटरवर यूडीपी ४१६४१ सर्व्हरकडे पाठवलं तर थेट वाट सापडायची शक्यता वाढते, अर्थात सीजीनॅट नसेल तरच.

मग राहतो घरचा अपलोड. प्लॅनवरचा आकडा डाउनलोडचा असतो, इथे अपलोड लागतो, आणि तो तारेने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून मोजा. चांगल्या १०८०पी चित्राला ८ ते १२ मेगाबिट धरा. एकाच वेळी तिघं बघणार असतील तर ४०चा अपलोड हवा. ब्लू-रेवरून जशीच्या तशी घेतलेली फोर-के फाइल एकटीच ५०च्या वर जाऊ शकते.

अपलोड पुरत नाही म्हणून सर्व्हरला फाइल बारीक करायला सांगितलं, तर ते काम प्रोसेसरवर येतं. रास्पबेरी पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोडरच नाही, त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवू नका. इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा पुढचा साधा प्रोसेसर, क्विक सिंक ही त्यातली व्हिडिओची सोय चालू करून, दहा बिटचे एचईव्हीसी पद्धतीचे व्हिडिओ आरामात हाताळतो.

सबटायटलही बघा. डीव्हीडी आणि ब्लू-रेवरची सबटायटलं ही चित्रं असतात. ती लावली की पुष्कळ ॲपमध्ये सर्व्हरला अख्खा व्हिडिओ नव्याने बनवत त्यावर ती छापावी लागतात. ‘नातवाकडे चालतो, आजीकडे अडकतो’ असं असेल आणि आजी सबटायटल लावून बघत असतील, तर त्या फाइलशेजारी एसआरटी (सबटायटलची मजकुराची फाइल) ठेवून द्या.

कुठलं दार उघडू नये

जेलीफिनचं ८०९६ थेट बाहेर काढलं तर पासवर्ड उघडा जातो. बाहेर काढायचंच असेल तर पुढे कॅडी ठेवून फक्त ४४३ उघडा. फोल्डर शेअरिंगचं ४४५ आणि रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ हे कधीही, ‘दोन मिनिटांपुरतंसुद्धा’, फॉरवर्ड करायचं नाही. डीएमझेडमध्ये सर्व्हर टाकून बघा असं कुणी सुचवलं तर तेही नको: तसं केलं की मशीनची सगळी दारं एकदम बाहेर उघडतात आणि मूळ दोष सीजीनॅटचा असेल तर तो तसाच राहतो.